काळ्या मातीत लोह, अंगात मात्र तोटा

बुलढाण्याहून राजूर घाट उतरला की मोताळ्याचा मुलूख लागतो. जिल्ह्यातली माणसं आपल्या भूगोलाचे दोनच भाग करतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. मोताळा घाटाखालचा. नळगंगेच्या खोऱ्यातली इथली जमीन कपाशी, सोयाबीन, तूर, मका, हरभरा पिकवते. ती काळी आहे, कारण ती बेसाल्ट झिजून तयार झालेली आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरावर थर पसरले आणि थिजले, तोच हा खडक. त्यात लोहाच्या ऑक्साइडांचं प्रमाण वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त असतं. म्हणजे धुऱ्यावरचा एक किलोचा धोंडा उचलला, तर त्यात सत्तर ग्रॅमच्या आसपास लोह सहज निघेल. माणसाच्या सबंध शरीरात लोह असतं तीन-चार ग्रॅम. एका धोंड्यात जवळपास वीस माणसांपुरतं लोह!

आणि याच जमिनीवर राबणाऱ्या बायकांच्या रक्तात लोह पुरत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. देशाचा आकडा ५७ टक्के. रक्तक्षयाची कारणं अनेक असतात, पण त्यांत लोहाची कमतरता पहिल्या रांगेत बसते.

यात आता एक नवा पेच पडला आहे. तालुक्याच्या गावातसुद्धा वजन कमी करणं हा घरोघरचा विषय झाला आहे. कुणी रात्रीची भाकर सोडली, कुणी ग्रीन टी धरला, कुणी दोन वेळा नुसती काकडी-गाजर खातं. सहा महिन्यांत काटा आठ किलो खाली येतो, आणि त्याच सुमारास केसांचे पुंजके फणीत येतात, घराच्या पायऱ्या चढताना धाप लागते, भर उन्हाळ्यात हातपाय गार पडतात. तपासणीत एचबी, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन, नऊ निघतं. मग घरातली मोठी माणसं म्हणतात, ‘तरी म्हटलं होतं, खाणं सोडू नको.’ त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं अधिक चकित करणारं आहे: नीट कमी केलेलं वजन रक्तातलं लोह वाढवूही शकतं. हे कसं, ते समजण्यासाठी लोहाच्या मागोमाग धोंड्यापासून रक्तापर्यंत जावं लागतं.

असून नसल्यासारखं

पृथ्वीवर जीव जन्मले तेव्हा समुद्रात लोह विरघळलेलं होतं. हवेत प्राणवायू जवळजवळ नव्हता, त्यामुळे ते गंजत नव्हतं. त्या काळच्या जीवाणूंनी लोहाला आपल्या यंत्रणेत कायमचं बसवून घेतलं. इलेक्ट्रॉन देण्याघेण्यात इतका तरबेज आणि इतका मुबलक दुसरा धातू नव्हता. मग सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या सूक्ष्मजीवांनी सोडलेला प्राणवायू हवेत साठू लागला. समुद्रातलं लोह गंजून तळाशी बसलं. ज्या धातूवर जीवसृष्टीचं सगळं अवलंबून होतं, तोच जवळपास अविद्राव्य झाला. तेव्हापासून जीवाणूपासून माणसापर्यंत सगळ्यांची एकच तारांबळ चालू आहे: आजूबाजूला लोहाचे डोंगर, पण गिळता येईल असं कणभरच.

काळ्या मातीत ही अडचण आणखी वाढते. ती अल्कधर्मी, बऱ्याच ठिकाणी चुनखडीयुक्त असते आणि अशा मातीत लोह विरघळण्याचं नावच घेत नाही. पिकं यावर जे करतात ते बघण्यासारखं आहे. हरभरा, तूर, सोयाबीन यांची मुळं आपल्याभोवती आम्ल सोडतात आणि गंजलेल्या लोहाचं मुळाच्या पृष्ठभागावर रूपांतर करून ते आत ओढतात. ज्वारी, बाजरी, मका यांची रीत वेगळी. ही गवताच्या कुळातली पिकं मातीत एक खास रेणू सोडतात. तो लोहाच्या कणाला चहूबाजूंनी धरतो आणि मूळ त्या जोडगोळीला तशीच्या तशी आत घेतं. मातीच्या अंधारात, एकाच शिवारात, दोन पूर्णपणे वेगळी रसायनशास्त्रं शेजारी शेजारी चालू असतात.

तरीही चुनखडीच्या जमिनीत कधी कधी पीक हरतं. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शेतकरी ओळखतो आणि हिराकसाचं पाणी फवारतो. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. सरकारी दवाखान्यातल्या लोहाच्या गोळीत वर्षानुवर्षं वापरला गेला तो हाच क्षार. लोहाने भरलेल्या जमिनीवर पीकही फिकट पडतं, पीक काढणारीही फिकट पडते आणि दोघांना दिलं जाणारं औषधही एकच!

बाहेर जायला वाट नसलेला धातू

शरीर लोहाशी कसं वागतं, ते आता पाहू. आपल्या अस्थिमज्जेत दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक नव्या तांबड्या पेशी तयार होतात. एकेका पेशीत सुमारे सत्तावीस कोटी हिमोग्लोबिनचे रेणू असतात आणि प्रत्येक रेणूत लोहाचे चार अणू. म्हणजे एका पेशीत शंभर कोटींहून जास्त लोह-अणू, आणि अशा पेशी सेकंदाला वीस लाख! या कामाला दिवसाकाठी वीस-पंचवीस मिलिग्रॅम लोह लागतं.

ते येतं कुठून? जेवणातून रक्तात उतरतं ते दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम. बाकीचं सगळं जुन्यातून येतं. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. मग प्लीहा आणि यकृतातल्या भक्षक पेशी तिला गिळतात, तिचं लोह सोडवतात आणि परत मज्जेकडे पाठवतात. आज तुमच्या बोटाच्या टोकाशी असलेला लोहाचा अणू गेल्या वर्षी दोन-तीन वेगवेगळ्या पेशींत राहून आलेला असू शकतो.

१९३७ साली इंग्लंडमधल्या रॉबर्ट मॅक्कान्स आणि एल्सी विडोसन या संशोधकांनी आणखी एक विलक्षण गोष्ट दाखवून दिली. शरीराला लोह बाहेर टाकण्याची सोयच नाही. मीठ जास्त झालं तर मूत्रपिंड ते काढून टाकतं, लोहाचं तसं नाही. त्वचेच्या आणि आतड्याच्या झडणाऱ्या पेशींबरोबर थोडं जातं, आणि रक्त गेलं तर जातं. म्हणून शरीराचा सगळा हिशोब आत घेण्यावर चालतो: किती घ्यायचं हे ठरवायचं, कारण घेतलेलं परत देता येत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत हा हिशोब नेमका इथेच बिघडतो. एक मिलिलिटर रक्तात सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. पाळीत तीस-चाळीस मिलिलिटर रक्त गेलं तर पंधरा-वीस मिलिग्रॅम लोह गेलं. ते महिनाभरात भरून काढायचं तर रोज अर्ध्या मिलिग्रॅमच्या वर जादा शोषलं पाहिजे. पाळी जास्त जात असेल तर हा बोजा दुप्पटही होतो. अनवाणी शेतात काम करणाऱ्यांना अंकुशकृमीचा वेगळा धोका असतो. त्याच्या अळ्या पायाच्या कातडीतून शिरतात आणि मोठे झालेले जंत आतड्याला चिकटून रक्त पितात.

यकृताने धरलेलं दार

आत किती घ्यायचं, हे शरीर ठरवतं कसं? याचं उत्तर मिळून अजून पुरती तीन दशकंही झालेली नाहीत. २००० आणि २००१ या दोन वर्षांत वेगवेगळ्या चमूंना यकृतात तयार होणारं एक चिमुकलं प्रथिन सापडलं, अवघ्या पंचवीस अमिनो आम्लांचं. शोधणारे जंतुनाशक रेणूंच्या मागे होते; म्हणून नावही तसंच पडलं, हेप्सिडिन. मग पॅरिसमधल्या संशोधकांच्या हाती काही उंदीर आले. दुसऱ्याच जनुकाचा अभ्यास करताना त्यांच्यात हेप्सिडिन बनेनासं झालं होतं, आणि त्या उंदरांची शरीरं लोहाने भरून गेली होती. जंतुनाशक म्हणून सापडलेलं प्रथिन लोहाचा मुख्य नियंत्रक निघालं.

नळगंगेच्या धरणात पाणी कितीही असो, कालव्याचं दार उघडल्याशिवाय ते शेतात येत नाही. हेप्सिडिन हे दार बंद करणारा हात आहे. आतड्याच्या पेशींमधून आणि जुनं लोह साठवणाऱ्या पेशींमधून लोह रक्तात सोडणारा एकच मार्ग आहे, फेरोपोर्टिन नावाचा. हेप्सिडिन वाढलं की हा मार्ग बंद होतो. जेवणातलं लोह आतड्याच्या पेशीपर्यंत पोहोचतं आणि तिथेच अडकतं. चार-पाच दिवसांत ती पेशी झडते आणि लोह शौचावाटे निघून जातं.

दार बंद करण्यामागे शहाणपण आहे. जंतूंनाही वाढायला लोह लागतं. ताप आला, संसर्ग झाला की शरीर मुद्दाम रक्तातलं लोह लपवतं आणि जंतूंची उपासमार करतं. अडचण अशी, की ही यंत्रणा फक्त जंतूंमुळेच जागी होते असं नाही. शरीरात कुठेही दाह धुमसत असला तरी यकृत हेप्सिडिन सोडतं, आणि पोटाभोवती साठलेली चरबी असा मंद दाह सतत पेटता ठेवते. १९६२ सालीच ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक निरीक्षण छापून आलं होतं: स्थूल किशोरवयीन मुलांच्या रक्तात लोह कमी आढळतं. तेव्हा त्याचं कारण कुणाला सांगता येत नव्हतं. आता सांगता येतं.

म्हणूनच ‘अंगाने भरलेली आहे, तिला काय झालंय रक्ताला’ हा समज उलटा पडतो. जाड माणसाला लोहाची कमतरता होण्याचा संभव कमी नाही, जास्त आहे. हाडकुळी दिसणारी माणसंही इथे सुटत नाहीत. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. त्यातून दिसलं की आपल्याकडची बाळं वजनाने कमी असली तरी त्यांच्यात चरबीचं प्रमाण तुलनेने जास्त राहतं. तेव्हा काट्यापेक्षा कमरेचा घेर अधिक बोलतो.

आता कोड्याचं दुसरं अर्धं उलगडतं. चरबी उतरली की दाह निवतो, हेप्सिडिन खाली येतं आणि दार उघडू लागतं. इटलीत स्थूल मुलांवर झालेल्या अभ्यासात सहा महिन्यांच्या वजनघटीनंतर हेच दिसलं: हेप्सिडिन घटलं, लोहाचं शोषण सुधारलं. वजन कमी करणं लोहाच्या विरोधात नाही. पण दार उघडत असताना कालव्यात सोडायला पाणीच ठेवलं नाही, तर काय उपयोग?

कमी खाण्याचं गणित

आपल्या धान्यप्रधान जेवणात दर हजार कॅलरीमागे साधारण सात ते नऊ मिलिग्रॅम लोह येतं. दोन हजार कॅलरी खाणाऱ्या बाईला चौदा ते अठरा मिलिग्रॅम मिळतं. तिने तेच जेवण कमी करून चौदाशे कॅलरींवर आणलं, की लोह दहा ते साडेबारावर घसरतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रियांची सरासरी गरज दिवसाला १५ मिलिग्रॅम, आणि बहुतेक सगळ्याच स्त्रियांची गरज भागावी म्हणून सांगितलेलं प्रमाण २९ मिलिग्रॅम. आकडे इतके मोठे का? कारण शाकाहारी ताटातल्या लोहापैकी आठ टक्क्यांच्या आसपासच शोषलं जाईल, असं गृहीत धरलेलं आहे.

कुठल्या ताटातून किती लोह शोषलं जातं हे कळतं कसं, यामागची कथा जरा कडवट आहे. लोहाला किरणोत्सारी करून जेवणात घातलं, की ते शरीरात कुठवर गेलं हे मोजता येतं. १९६९ साली इंग्लंडमधल्या कोव्हेन्ट्रीत दक्षिण आशियाई वंशाच्या २१ स्त्रियांना असं लोह घातलेल्या चपात्या खायला दिल्या गेल्या. चपातीतलं लोह अंगी का लागत नाही, हा प्रश्न खरा होता. पण त्या स्त्रियांना चपातीत काय आहे हे नीट समजावलं होतं का, यावर पुढे मोठा वाद झाला आणि २०२३ मध्ये तो पुन्हा उफाळला. अशा प्रयोगांतूनच आपल्याला ताटाचे नियम उमगले आहेत.

पहिला नियम: धान्याच्या कोंड्यातलं आणि डाळीतलं फायटेट लोहाला धरून ठेवतं. मोड आणले, आंबवलं, भिजवून ठेवलं की ते कमी होतं. मोडाची मटकी, रात्रभर आंबवलेली ज्वारीची आंबील, धिरडी या आजीच्या हातच्या गोष्टी रसायनशास्त्राने बरोबर ठरवल्या आहेत.

दुसरा नियम: आंबट सोबत हवं. क जीवनसत्त्व लोहाचं असं रूप बनवतं जे शोषलं जातं, आणि फायटेटचा विरोधही मोडून काढतं. हरभऱ्याच्या पाल्याचा घोळणा, त्यावर लिंबू. अंबाडीच्या भाजीबरोबर भाकर आणि कच्चा कांदा. जेवणाशेवटी पेरूची फोड किंवा आवळा. एकच सांभाळायचं: लिंबू उकळत्या भाजीत नव्हे, ताटात पिळायचं, कारण उष्णतेने क जीवनसत्त्व उडतं.

तिसरा नियम चहाचा. १९७५ साली दक्षिण आफ्रिकेत, डर्बनजवळच्या भारतीय वंशाच्या गृहिणींवर झालेल्या अभ्यासात जेवणासोबत घेतलेल्या चहाने लोहाचं शोषण मोठ्या प्रमाणात घटलेलं दिसलं. चहातली टॅनिनं आणि तत्सम द्रव्यं आतड्यातच लोहाला बांधून टाकतात. वजन कमी करायला घेतलेला ग्रीन टी आणि काळी कॉफीही यातून सुटत नाहीत. चहा सोडायची गरज नाही. जेवणाच्या आणि चहाच्या मध्ये निदान एक तास ठेवला तरी बराच फरक पडतो. दुधातलं कॅल्शियमही त्याच जेवणात लोहाच्या आड येतं, तेव्हा दूध वेगळ्या वेळी.

चौथा नियम भांड्याचा. लोखंडी कढईत आंबट भाजी रांधली की भांड्यातलं लोह भाजीत उतरतं. अंबाडीची भाजी काळसर होते ती त्यामुळेच. वजन कमी करायचं म्हणून तेल वाचवायला घरात नॉनस्टिक आणलं, की नकळत हा स्रोतही बंद होतो.

मांस खाणाऱ्यांसाठी एक सोपी वाट आहे. मांसातल्या हिमोग्लोबिनसारख्या रेणूंत बांधलेल्या लोहापैकी पंधरा ते पस्तीस टक्के शोषलं जातं, आणि थोडंसं मांस ताटातल्या भाजी-डाळीच्या लोहालाही हात देतं. त्यात मटण आणि कलेजी पुढे, कोंबडी मागे. गरोदरपणात मात्र कलेजी टाळावी, कारण तिच्यात अ जीवनसत्त्व फार असतं. अंड्याचा पांढरा भाग वजन घटवणाऱ्यांचा लाडका असतो, पण त्यात लोह नसल्यात जमा. ते बलकात असतं, आणि बलकातलंही फारसं शोषलं जात नाही.

लाल म्हणजे लोह नव्हे

रक्त वाढवायला डाळिंब, बीट, सफरचंद खायची आपल्याकडे रीत आहे. रंग पाहून विश्वास बसतो. पण शंभर ग्रॅम डाळिंबाच्या दाण्यांत लोह असतं सुमारे ०.३ मिलिग्रॅम, बीटमध्ये पाऊण. डाळिंबाचा लाल रंग वनस्पतीच्या वेगळ्याच रंगद्रव्याचा, हिमोग्लोबिनशी त्याचं काही नातं नाही. उलट तितक्याच बाजरीत सुमारे ६.४, हरभऱ्यात पावणेसात, मटकीत आठच्या जवळ, कुळथात त्याहूनही जास्त. कोरड्या धान्याची ओल्या फळाशी थेट तुलना अन्यायाची वाटेल. पण ताटातल्या वाट्याने मोजलं तरी भाकर आणि उसळ डाळिंबाला मागे टाकतात. पांढऱ्या तांदळात शंभर ग्रॅमला पाऊण मिलिग्रॅमही भरत नाही. म्हणजे ‘डाएट’ म्हणून भाकर सोडून वाटीभर भात धरणारीने लोहाचा मोठा वाटा स्वतःच्या हाताने काढून टाकलेला असतो.

उपवासाचंही तसंच. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे: कॅलरी भरपूर, लोह नगण्य. राजगिऱ्यात मात्र लोह बाजरीहूनही जास्त आहे. चातुर्मासात आठवड्याला दोन उपवास धरणाऱ्या बाईने साबुदाण्याऐवजी राजगिऱ्याची भाकर धरली, तर उपवास मोडत नाही आणि रक्ताचंही नुकसान होत नाही. गुळाबद्दल मात्र सावध राहिलेलं बरं. गुळात थोडं लोह असतं, पण वजन उतरवायचं असेल तर त्याच्या जोडीने येणारी साखर महागात पडते.

तेव्हा चौदाशे कॅलरींतच लोह कसं वाढवायचं? एका दिवसाचा हिशोब मांडून पाहू. दुपारी बाजरीच्या दोन मध्यम भाकरी, लोखंडी कढईत परतलेली मेथी, कांदा, लिंबू. सकाळी वाटीभर मोडाची मटकी आणि पेरू. संध्याकाळी चहाच्या ऐवजी मूठभर फुटाणे. रात्री ज्वारीची एक भाकर आणि वरण. ताक वेगळ्या वेळी. कॅलरी चौदाशेच्या आसपासच राहतात, पण लोह विसाच्या घरात जातं; म्हणजे त्याच कॅलरींच्या नेहमीच्या जेवणापेक्षा जवळपास दीडपट ते दुप्पट. यातला एकही जिन्नस मोताळ्याच्या बाजारात मागवून आणावा लागत नाही. खाणं कमी करायचं, पण दाट करायचं, एवढीच सगळी युक्ती.

दाण्यातच लोह

माणसाच्या ताटापर्यंत लोह वाढवायचा आणखी एक मार्ग थेट बियाण्यात सापडला. इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या मदतीने निवडलेला, जास्त लोहाचा बाजरीचा वाण ‘धनशक्ती’ २०१२ साली महाराष्ट्रात राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठामार्फत प्रसारित झाला. किलोमागे सत्तर मिलिग्रॅमच्या आसपास लोह देणारा हा वाण. अहमदनगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर) वसतिशाळांमधल्या १२ ते १६ वयाच्या मुलामुलींना अशा बाजरीच्या भाकरी सहा महिने दिल्या गेल्या. ज्यांना सुरुवातीला लोहाची कमतरता होती, त्यांची ती भरून निघण्याची शक्यता नेहमीची बाजरी खाणाऱ्यांपेक्षा दीडपटीहून अधिक निघाली. गोळी नाही, इंजेक्शन नाही. नुसती भाकर बदलली. पुढे २०१८ मध्ये परभणीच्या कृषी विद्यापीठाने ज्वारीचा ‘परभणी शक्ती’ वाण दिला, त्यातही लोह आणि जस्त दोन्ही वाढीव.

दाणा ज्या मातीत पिकतो तिची खनिजं घेऊन येतो, हे बुलढाणा जिल्ह्याने अलीकडेच दुसऱ्या अंगाने अनुभवलं. २०२४ च्या डिसेंबरपासून शेगाव तालुक्यातल्या काही गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले, काहींना आठवड्याभरात टक्कल पडलं. विंचूदंशावरच्या संशोधनासाठी ओळखले जाणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासणी करून असा निष्कर्ष मांडला की रेशनच्या गव्हात सेलेनियमचं प्रमाण फार जास्त होतं. सेलेनियमही शरीराला हवंच असतं, पण कणभर. खनिजांच्या बाबतीत ‘जितकं जास्त तितकं चांगलं’ चालत नाही, आणि लोहाला बाहेर जायला वाटच नसल्यामुळे त्याला तर अजिबात नाही.

म्हणून गोळ्या मनाने घेऊ नयेत. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत, थॅलेसेमियाही आढळतो. या आजारांतही एचबी कमी येतं, पण कारण लोह नसतं, आणि विनाकारण घेतलेलं लोह यकृतात, हृदयात साठत जातं. ब-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही रक्त कमी होतं, आणि शाकाहारी घरांत ती सर्रास आढळते. नुसत्या एचबीवर थांबू नये. सोबत फेरिटिन पाहावं, ते शरीरातला लोहाचा साठा सांगतं. स्थूल माणसात मात्र दाहामुळे फेरिटिन खोटंच वाढलेलं दिसू शकतं, त्यामुळे त्याचा अर्थ डॉक्टरांकडूनच लावून घ्यावा.

गोळीची खरंच गरज पडली, तर तिथेही हेप्सिडिनची गंमत आहे. झुरिचमधल्या संशोधकांनी दाखवलं की लोहाचा एक डोस घेतला की हेप्सिडिन चढतं आणि सुमारे एक दिवस चढलेलंच राहतं. दुसऱ्या दिवशीच्या गोळीचा बराच भाग वाया जातो. एक दिवसाआड घेतलेल्या गोळीतलं लोह प्रमाणात जास्त शोषलं जातं आणि पोटही कमी बिघडतं. गरोदरपणात मात्र ठरवून दिलेली रोजची गोळी आपल्या मनाने कमी करू नये.

वजनाचा काटा आठवड्यात हलतो, रक्ताला तसं जमत नाही. तांबड्या पेशींची पूर्ण पिढी बदलायला चार महिने लागतात, आणि एचबी सुधारल्यावरही साठा भरायला आणखी काही महिने जातात. म्हणून डाएट सुरू करण्याआधी एकदा एचबी आणि फेरिटिन तपासावं, तीन-चार महिन्यांनी पुन्हा. वजन आठवड्याला अर्ध्या किलोच्या आसपास उतरत असेल आणि फेरिटिन जागेवर किंवा वर असेल, तर ताट बरोबर आहे. वजन झपाट्याने उतरतंय आणि फेरिटिनही घसरतंय, तर चूक नुसत्या कॅलरीत नाही. ताटात भाकर, उसळ आणि लिंबू परत आणायला हवेत, आणि चहा तासभर पुढे ढकलायला हवा.